पॉलिसी कुणाच्या नावावर आहे ते आधी बघ

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून तीन सेंटर, वर संध्याकाळच्या होम व्हिजिट, आणि प्रश्न काय तर "मॅडम, इंडेम्निटी कंपल्सरी आहे का? सेंटरवाले म्हणतात आमची पॉलिसी आहे, तू कशाला वेगळे पैसे घालतेस." इंडेम्निटी, म्हणजे उपचारात चूक झाली असा दावा आपल्यावर आला तर त्यासाठीचा विमा. खरं सांगते, राग आला. तुझा कमी आणि असं सांगणाऱ्यांचा जास्त.

ओटीपीटी कौन्सिलचं, म्हणजे आपली नि फिजिओथेरपिस्टची नोंदणी करणाऱ्या परिषदेचं, रजिस्ट्रेशन करताना तुला कुणी पॉलिसीचा कागद मागितला नाही, बरोबर. तुझ्या बॅचची जी यूकेला गेलीय तिला विचार, तिकडे एचसीपीसीच्या, म्हणजे थेरपिस्टची नोंदणी करणाऱ्या तिथल्या संस्थेच्या, रजिस्टरवर राहून प्रॅक्टिस करायची तर २०१४ पासून कव्हर असावंच लागतं. इकडे कुणी मागत नाही म्हणून गरज नाही असं तू धरून चाललीस. पण तक्रार करणारा आधी तुझी पॉलिसी आहे का बघून तक्रार करत नाही ना. पैसे घेऊन दिलेले उपचार ही ग्राहक कायद्याखाली सेवाच, हे सुप्रीम कोर्टाने १९९५ सालीच डॉक्टरांच्या केसमध्ये सांगितलंय, आणि आपणही फी घेऊनच थेरपी देतो. आता तर दिलेली फी पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करायला शुल्कही लागत नाही. आपल्याकडे कुठलं पेशंट पाच लाखांच्या वर जातं सांग मला. आणि नोटीस येते ती नुसत्या सेंटरच्या नावाने येत नाही, ज्याने पेशंटला हात लावला त्याचंही नाव त्यात असतं. नोटीस तुझ्या नावाने येणार, तर पॉलिसी तुझ्या नावावर पाहिजे. बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, हे विसरू नकोस.

सेंटरची पॉलिसी असते गं, मी नाही कुठे म्हणते. पण ती सेंटरसाठी असते. तू तिथे पगारावर आहेस का? तू व्हिजिटिंग आहेस, सेशनवर पैसे घेतेस. माझ्या एका ज्युनिअरचं असंच झालं. सेन्सरी इंटिग्रेशनच्या, म्हणजे झोके-खेळांतून मुलांना थेरपी देतो त्या खोलीत प्लॅटफॉर्म स्विंगवरून, फळीच्या झोक्यावरून, मूल पडलं, कोपराच्या वर फ्रॅक्चर. नोटीस सेंटरला आणि तिला, दोघांना. सेंटरच्या वकिलाने पहिल्याच उत्तरात लिहिलं की या बाई आमच्या कर्मचारी नाहीत, स्वतंत्र कन्सल्टंट आहेत, आणि पॉलिसीत जोडलेल्या स्टाफच्या यादीत तिचं नाव खरंच नव्हतं. वकिलाचे पैसे तिने घरून आणले. स्विंगचा हूक कुणी तपासायचा होता, मॅट का नव्हती, हे सगळं पुढे निघालंच, पण तोवर ती पोर पार खचली होती आणि आज ती प्रॅक्टिसमध्ये नाही. ती जॉईन व्हायच्या आधी माझ्याकडे चहाला आली होती, दीड तास गप्पा झाल्या, मुलांच्या, असेसमेंटच्या, पगाराच्या, आणि पॉलिसी कुणाच्या नावावर आहे हे तिला विचारायचं माझ्या मनातही आलं नाही. ते अजून टोचतं, म्हणून तुला एवढं लांबलचक लिहितेय.

तू म्हणशील मी नीट काम करते, मला काय होणार. नीट काम करतेस हे मला माहितीय, तुला शिकवलंय मी. परवाच माझ्याकडे मीडियन नर्व्हची, हातातल्या एका मुख्य नसेच्या इजेची, केस होती, अंगठा आणि पुढच्या दोन बोटांना संवेदना नाही. स्प्लिंट, म्हणजे हाताला आधाराचा साचा, बनवायला थर्मोप्लास्टिकची शीट गरम पाण्यातून काढली की टॉवेलवर टिपायची, आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची आणि मगच त्याच्या हातावर, कारण त्याला भाजलं तरी कळणार नाही. स्प्लिंट घालून वीस मिनिटं बसवून ठेवायचं, मग काढून अंगठ्याच्या बेचक्यात लाल झालंय का बघायचं, असेल तर ती कड गरम करून बाहेर वळवायची, परत घालायचं, आणि सगळं वेळेसकट नोटमध्ये लिहायचं. एवढं करूनही त्याने घरी जाऊन पट्टा करकचून आवळला आणि जखम झाली तर? माझं काही चुकलं नाही हे सांगायलासुद्धा वकील लागतो, आणि वकील फुकट येत नाही. पॉलिसी तो बचावाचा खर्चही देते, हे लोकांना माहीतच नसतं. इन्शुरन्स घेतला म्हणजे आपण चुकणार हे कबूल केलं असं म्हणणारे सीनियर्स मी पाहिलेत, त्यांचं ऐकू नकोस.

आता पॉलिसी घेतलीस की काय बघायचं. ती क्लेम्स मेड असते, म्हणजे क्लेम येतो त्या दिवशी पॉलिसी चालू पाहिजे आणि घटना रेट्रोअॅक्टिव्ह डेटच्या, म्हणजे पॉलिसी जिथपासूनच्या घटना धरते त्या तारखेच्या, नंतरची पाहिजे. तक्रार करायला कायद्याने दोन वर्षं दिलीत आणि सबळ कारण असेल तर उशीरही माफ होतो, म्हणजे तू सेंटर सोडलंस, लग्न झालं, वर्षभर घरी बसलीस, हप्ता भरला नाहीस, आणि मग जुन्या पेशंटची नोटीस आली, तर तुझ्या हातात काही नाही. परत नवी पॉलिसी काढलीस तर तारीख नव्याने सुरू, मागची सगळी वर्षं उघडी. म्हणून खंड पडू द्यायचा नाही, काम बंद असलं तरी. आणि हेच सेंटरच्या पॉलिसीला लाव ना! ती त्यांनी बंद केली तर तुला कोण कळवणार आहे? तुझ्या नावावर असेल तर चालू ठेवणं तुझ्या हातात राहतं.

मग एओए आणि एओवाय, म्हणजे कंपनी एका घटनेला जास्तीत जास्त किती देणार आणि वर्षभरात मिळून किती. एक्सेस किती, म्हणजे आधी तुझ्या खिशातून किती जाणार. व्यवसायाच्या जागी ऑक्युपेशनल थेरपिस्ट असंच छापलेलं पाहिजे, एजंट फिजिओथेरपिस्ट टाकून मोकळा होतो, त्याला परत पाठव. होम व्हिजिट धरल्यात का ते लेखी विचार, तोंडी "हो मॅडम, सगळं कव्हर आहे" याला काडीची किंमत नाही.

आणि कधी काही घडलंच तर आधी पेशंट. हॉस्पिटलला ने, आईवडिलांना काय घडलं ते खरं खरं सांग, नोट त्याच दिवशी लिही, नंतर त्यात खाडाखोड नको. कंपनीला लगेच लेखी कळव. पण "माझी जबाबदारी, मी भरपाई देते" असं कंपनीच्या लेखी संमतीशिवाय लिहून देऊ नकोस, त्यावरून क्लेम अडतो.

माझ्याकडे काम करायला येणारीला मी आधी तिच्या नावाची पॉलिसी दाखवायला सांगते, मग पेशंट देते. हट्टी म्हणतात मला. चांगल्या मुली त्यावरून सोडून गेल्यात, त्यातली एक हँड थेरपीत माझ्याहून सरस होती आणि ती गेली याचं मला वाईट वाटतं. तरी नियम बदलला नाही, बदलणार नाही. त्या ज्युनिअरला घरून पैसे आणताना बघितल्यावर माझ्याकडून ते होणं शक्य नाही, ज्यांना जाच वाटतो त्यांना वाटू दे.

या आठवड्यात तिन्ही सेंटरकडून त्यांच्या पॉलिसीची कॉपी माग. देत नसतील तर का देत नाहीत ते विचार. आणि तुझा प्रपोजल फॉर्म सही करायच्या आधी मला व्हॉट्सअॅप कर, रात्री दहानंतर मी मोकळी असते, एकेक कॉलम बघून देते.

तुझी मॅडम