घरी केलेलं मिक्स गाडीत फुगलेलं का वाटतं?
तुम्ही म्हणता, म्हापशाच्या घरी केलेलं आरतीचं मिक्स (रेकॉर्ड केलेले सगळे आवाज जुळवून केलेलं गाणं) गाडीत लावलं की घुमट, म्हणजे आपलं गोव्याचं मातीचं तालवाद्य, नुसतं घुमत राहतं. दोष बहुधा घुमटाचा नाही, तुमच्या खुर्चीचा! खोलीच्या बरोबर मध्ये बसलं की काही खालच्या फ्रिक्वेन्सी ऐकूच येत नाहीत, मग आपण बेस, म्हणजे खालचे जड आवाज, वाढवत सुटतो. फोंड्याला माझंही हेच झालं होतं. खुर्ची समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर आणली, तिथून ऐकत ऐकत थोडी पुढेमागे केली. स्पीकर कोपऱ्यातून काढा, ट्वीटर (स्पीकरमधला वरच्या, बारीक आवाजांचा छोटा भाग) कानाच्या उंचीला. लाद्यांवर जाड गालिचा हवाच. आणि आवाज कमी ठेवा. मोठ्यावर काहीही गोडच लागतं. पंखा बंद, घाम आला तरी.