वाचकांचे प्रश्न : मॅकग्रेगरचे पुढे काय झाले?

प्रश्न : काकांच्या पश्चात त्यांची गोल्फची जुनी पिशवी माझ्याकडे आली आहे. तिच्यात लाकडी डोक्याच्या तीन काठ्या आणि लोखंडी काठ्यांचा एक संच असून सगळ्यांवर 'मॅकग्रेगर' हे नाव कोरलेले आहे. काका म्हणत, की एके काळी या नावाच्या तोडीचे दुसरे नाव नव्हते. आज मात्र गोल्फ खेळणाऱ्या तरुण मित्रांना ते विचारले, तर त्यांनी ते ऐकलेलेही नसते. ही कंपनी खरोखर एवढी मोठी होती का? आणि धातूचे ड्रायव्हर (पहिला लांब फटका मारायच्या काठ्या) आले म्हणून लाकूडवाले बुडाले, एवढीच तिची गोष्ट आहे का?

उत्तर : आपले काका अतिशयोक्ती करत नव्हते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून पुढची तीसेक वर्षे अमेरिकेत मॅकग्रेगरचे नाव विल्सन आणि स्पाल्डिंग यांच्या पंक्तीत घेतले जाई आणि लाकडी काठ्यांच्या बाबतीत तर त्यांच्याही वर. 'गोल्फमधले सर्वांत थोर नाव' अशी जाहिरात कंपनी बिनदिक्कत करत असे आणि त्या काळात तिला कोणी हसत नसे.

या कंपनीचा उगम गोल्फमध्ये नाही, चपला-बुटांच्या धंद्यात आहे. ओहायो राज्यातल्या डेटन शहरात बुटांचे लाकडी फर्मे बनवण्याचा एक व्यवसाय होता, त्याचा आरंभ कंपनी १८२९ सालापर्यंत मागे नेते. पुढे भागीदारांच्या नावांवरून तो 'क्रॉफर्ड, मॅकग्रेगर अँड कॅन्बी' म्हणून ओळखला जाऊ लागला. फर्मा कातायचा तर साधा लेथ चालत नाही, कारण पायाचा आकार कुठूनही गोल नसतो. त्यासाठी एका बाजूला नमुना फिरतो, त्यावरून एक चाक सरकत जाते आणि दुसऱ्या बाजूचे पाते लाकडाच्या ठोकळ्यातून तोच वेडावाकडा आकार जसाच्या तसा काढते, असा नक्कल करणारा लेथ लागतो. गोल्फच्या लाकडी काठीचे डोकेही असेच, टाचेकडे निमुळते आणि पुढे फुगीर. अमेरिकेत गोल्फचे वेड पसरू लागले तेव्हा त्या डोक्यांसाठी लागणारे यंत्र आणि लाकूड, दोन्ही डेटनच्या कारखान्यात तयारच होते. १८९७ साली त्यांनी डोकी कातायला घेतली आणि पुढची कित्येक दशके आपल्या मालावर ते साल मिरवले.

लाकूड होते पर्सिमनचे. पर्सिमन हा आपल्या टेंभुर्णीचा अमेरिकेतला भाऊबंद. विणकामाचे धोटे याच लाकडाचे करत, कारण ते हजारो धक्के खाऊनही झिजत नाही आणि त्याचे तूस निघत नाही. हा ठोकळा आधी महिनोन्महिने सुकवायचा, मग लेथवर डोके काढायचे, मानेला भोक पाडून त्यात दांडा बसवायचा, चेंडू जिथे लागतो तिथे खाच करून कठीण पदार्थाचा तुकडा बसवायचा, तळाला धातूची पट्टी स्क्रूने आवळायची आणि तिच्याखाली केलेल्या भोकात वितळलेले शिसे ओतून वजन जुळवायचे. शेवटी मान फुटू नये म्हणून तिच्यावर मेण लावलेला दोरा एकाला एक वेढा चिकटवून गुंडाळायचा. आपल्याकडच्या काठीच्या मानेवर तो काळा दोरा अजून शाबूत असेल, तर बोट फिरवून पाहा, गाठ कुठेच लागणार नाही. दोऱ्याचे टोक शेवटच्या वेढ्यांखालून ओढून घेत, ही कारागिरांची खुबी.

मात्र उत्तम कारागिरीने कंपनी मोठी झाली, असे मी म्हणणार नाही, कारण १९३० च्या दशकातील मंदीत हीच उत्तम कारागिरी जवळजवळ दिवाळ्यापर्यंत पोहोचली होती. तिला वर काढले क्लॅरन्स रिकी या नव्या व्यवस्थापकाने आणि सिनसिनाटीच्या गोल्डस्मिथ या क्रीडासाहित्य कंपनीने, जिने १९३६ साली हा व्यवसाय विकत घेतला. रिकीने टॉमी आर्मर या गाजलेल्या स्कॉटिश-अमेरिकन खेळाडूचे नाव काठ्यांवर आणले आणि टोनी पेना या खेळाडूलाच रचनाकार म्हणून कारखान्यात बसवले. पेना स्पर्धा खेळत हिंडे, मोठ्या खेळाडूंच्या तक्रारी ऐके आणि परत येऊन डोक्याचा आकार रेसभर इकडेतिकडे करून घेई. १९४५ साली लागोपाठ ११ स्पर्धा जिंकणारा बायरन नेल्सन, जिमी डिमरेट, बेन होगन, महिलांमध्ये लुईस सग्ज हे सगळे मॅकग्रेगरच्या पदरी होते. एका कंपनीच्या काठ्या एकाच वेळी एवढ्या मातब्बर हातांत असण्याचे दुसरे उदाहरण मला चटकन आठवत नाही.

आता आपल्या मुख्य प्रश्नाकडे येतो. धातूच्या ड्रायव्हरने मॅकग्रेगरला बुडवले हे सर्रास सांगितले जाते आणि ते निम्मेच खरे आहे. माझ्या मते कंपनीचे दुखणे त्याच्या कितीतरी आधीचे होते आणि ते काठीत नव्हते, चेंडूत होते.

मॅकग्रेगर 'टूर्नी' नावाचा चेंडूही बनवत असे आणि पगारी खेळाडूंनी तोच वापरावा असा तिचा आग्रह होता. हा चेंडू खेळाडूंना पसंत नव्हता. होगनसारख्या काटेकोर माणसाला तर मुळीच नव्हता. मास्टर्स, अमेरिकन ओपन आणि ब्रिटिश ओपन या तिन्ही स्पर्धा एकाच वर्षी, १९५३ साली, जिंकणारा होगन त्याच वर्षी मॅकग्रेगर सोडून गेला आणि त्याने फोर्टवर्थ येथे स्वतःची काठ्यांची कंपनी काढली. कारखान्यातून निघालेला पहिलाच माल मनासारखा नाही म्हणून त्याने तो मोडीत काढायला लावला, ही हकीकत गोल्फच्या वर्तुळात आजही सांगितली जाते. असा माणूस ज्या कंपनीच्या हातून निसटतो, तिच्या चेंडूत काहीतरी उणे होते हे समजायला वेगळ्या पुराव्याची गरज नाही.

चेंडूला मी इतके महत्त्व का देतो, तर त्यामागे साधा हिशेब आहे. चांगला संच घेतलेला माणूस दहा-पंधरा वर्षे दुसरा घेत नाही, पण चेंडू तो दर खेपेला एक-दोन तरी पाण्यात किंवा झाडीत घालवतो. काठीचा ग्राहक कधीमधी दुकानात येतो, चेंडूचा ग्राहक येतच राहतो. अॅकुश्नेट या रबराच्या कंपनीने १९३५ साली 'टायटलिस्ट' चेंडू काढला, आणि १९४९ पासून अमेरिकन ओपनमध्ये सर्वाधिक खेळाडूंच्या हातात तोच राहिला. या कंपनीने काठ्यांच्या धंद्यात बऱ्याच उशिरा पाऊल ठेवले, पण चेंडूच्या बळावर ती काठ्यांच्या प्रत्येक स्थित्यंतरातून तरून गेली. मॅकग्रेगरकडे हा टेकू नव्हता.

दुसरे दुखणे मालकीचे. १९५८ साली बोलिंग आणि बिलियर्ड्समध्ये नाव कमावलेल्या ब्रन्सविक कंपनीने मॅकग्रेगर घेतली आणि पुढे उत्पादन ओहायोतून जॉर्जिया राज्यातल्या ऑल्बनी गावी नेले. बाहेरून पाहता हाच तिचा सुवर्णकाळ वाटतो, कारण १९६२ साली जॅक निकलॉसने आपली पहिली अमेरिकन ओपन मॅकग्रेगरच्या काठ्यांनी जिंकली आणि तो पुढे दोन दशके याच नावाने खेळला. पेबल बीचवर १९७२ साली सतराव्या होलवर त्याने वाऱ्याच्या तोंडावर मारलेला एक नंबरच्या आयर्नचा, म्हणजे लोखंडी काठीचा, फटका झेंड्याच्या काठीवर आदळून होलशेजारी थांबला, तो आयर्नही मॅकग्रेगरचाच होता. ती काठी म्हणजे घडीव पोलादाचे एक पातळ पाते, मधोमध बसला तर लोण्यासारखा फटका आणि जरा चुकला तर मनगटापर्यंत झिणझिण्या. निकलॉसला ती जमत होती. रविवारी खेळणाऱ्या वकिलाला आणि डॉक्टरला जमत नव्हती, आणि संच विकत घेणारा तोच होता.

हे नेमके ओळखले कार्स्टन सोल्हाइम या जनरल इलेक्ट्रिकमधल्या अभियंत्याने. त्याने 'पिंग' नावाने आधी पटर (चेंडू हलकेच होलमध्ये ढकलायची काठी) आणि मग आयर्न काढले. त्याचे आयर्न घणाखाली घडवलेले नव्हते, तर ओतीव होते : मेणाचा नमुना करायचा, त्यावर मातीचे कवच चढवायचे, मेण वितळवून काढायचे आणि पोकळीत पोलाद ओतायचे. या पद्धतीत मागची बाजू खोलगट ठेवून वजन कडेकडेला नेता येते, त्यामुळे फटका मधोमध बसला नाही तरी काठी हातात फारशी वळत नाही. १९७९ साली गॅरी अॅडम्सने टेलरमेड कंपनी काढून पोलादी, पोकळ ड्रायव्हर विकायला सुरुवात केली, त्याला लोक गमतीने पोलादनगरीचे पर्सिमन म्हणजे 'पिट्सबर्ग पर्सिमन' म्हणत. १९९१ साली कॅलवे कंपनीचा 'बिग बर्था' हा धातूचा ड्रायव्हर आला आणि लाकडाचा निकालच लागला. पर्सिमनच्या ड्रायव्हरने जिंकलेली शेवटची मोठी स्पर्धा म्हणजे १९९३ ची मास्टर्स, विजेता जर्मनीचा बर्नहार्ड लँगर.

तरीही विचार करा, धातूचे वादळ सगळ्यांवरच आले होते. टायटलिस्टची मालकी १९७६ साली एका तंबाखूच्या बड्या समूहाकडे गेली, पण २०११ पर्यंत ती त्याच घरात राहिली. मॅकग्रेगर मात्र ब्रन्सविककडून विक्स या समूहाकडे, विक्सने १९८२ साली दिवाळखोरीचा अर्ज केल्यावर खुद्द निकलॉसकडे, त्याच्याकडून फिनलंडच्या आमेर कंपनीकडे अशी फिरत राहिली. प्रत्येक नवा मालक नावाला पैसे मोजत होता आणि नावामागच्या कारखान्यात पुढच्या दहा वर्षांसाठी पैसे गुंतवायची वेळ आली, की विकून मोकळा होत होता. २००९ साली गोल्फस्मिथ या दुकानांच्या साखळीने केवळ हे नाव आणि त्याचे हक्क घेतले. १९३७ साली नेल्सनने मास्टर्स जिंकली त्या काळात जे नाव अभिमानाने घेतले जाई, ते आता एका दुकानदाराच्या स्वस्त मालावर छापले जाऊ लागले. २०१६ साली गोल्फस्मिथही दिवाळखोरीत गेली.

प्रश्न : निकलॉसने १९८६ ची मास्टर्स ज्या मोठ्या पटरने जिंकली तो मॅकग्रेगरचाच होता असे वाचले. मग एवढ्या गाजावाजानंतर कंपनी का सावरली नाही?

उत्तर : तो पटर मॅकग्रेगरचाच, नाव 'रिस्पॉन्स झेडटी'. क्ले लाँगने रचलेला, अॅल्युमिनियमचा आणि त्या काळाच्या मानाने इतका अवाढव्य, की पाहणाऱ्याला हसू येई. ४६ वर्षांच्या निकलॉसने शेवटच्या दिवशी ६५ फटक्यांत फेरी संपवली, त्यातले शेवटचे नऊ होल केवळ ३० मध्ये, आणि सतराव्या होलवर डावा हात उंचावलेले त्याचे छायाचित्र जगभर गेले. दुसऱ्याच दिवशी कंपनीकडे ५,००० पटरांची मागणी आली. पण हे सुगीचे दिवस एका पटरचे होते. ज्याने पटर घेतला त्याला मॅकग्रेगरने त्याच दमाचा धातूचा ड्रायव्हर द्यायला हवा होता आणि पुढच्या आठवड्यात चेंडूही. त्या तोडीचे दोन्ही तिच्या फळीवर नव्हते. शिवाय कंपनी नेमकी त्याच सुमारास हस्तांतरित होत होती. निकलॉसने १९९० च्या दशकात स्वतःच्या नावाची वेगळी कंपनी काढली, तेव्हा ग्राहकाला ओढणारे शेवटचे मोठे नावही गेले.

प्रश्न : (पहिल्याच वाचकांकडून) या जुन्या काठ्या खेळायला वापरता येतील का, आणि त्यांना काही मोल आहे का?

उत्तर : आधी डोके उजेडात धरून त्याच्या कडेने लाकडाचे रेषे पाहा. रेषे वाहत्या पाण्यासारखे सलग दिसले तर ते एकसंध पर्सिमन आहे. पानांच्या गठ्ठ्यासारखे समांतर थर दिसले तर चिकटवलेले मेपल आहे, आणि त्याला मोल फारसे नाही. मग तळपट्टीवरचा क्रमांक वाचा. टॉमी आर्मरच्या नावाचा '६९३' किंवा 'एम-८५' निघाला आणि चेंडू लागतो त्या जागी डोळ्यासारखी रंगीत नक्षी असेल, तर घाई करू नका. अशा ड्रायव्हरसाठी जपानी संग्राहकांनी एके काळी हजारो डॉलर मोजलेले आहेत. आजचा भाव तेवढा राहिलेला नाही, पण शौकीन अजून आहेत.

खेळायचे असेल तर मानेजवळ केसासारखी भेग नाही ना, हे भिंगातून तपासा. सरावाचे टणक चेंडू त्यांनी मारू नका, मऊ चेंडू घ्या. पिशवी बंद गाडीत किंवा ओलसर खोलीत ठेवू नका, कारण लाकूड फुगले की तळपट्टी वर उचलली जाते आणि आतला तुकडा सैल होतो. नव्याने लॅकर देऊन चकचकीत करण्याचा मोह मात्र टाळा, मूळ लॅकर उडाले की संग्राहकाच्या लेखी त्या काठीची किंमत उतरते. तळपट्टीचे स्क्रूही उगाच काढू नका. आत शिशाची गोळी आहे, ती कारखान्यात तोलूनमापून ओतलेली असते आणि एकदा हलली की काठीचा तोल पुन्हा जुळवणे कठीण जाते.