वाचकांचे प्रश्न : बूट, सुट्टी आणि जागल

प्रश्न : आमच्या गावची पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर भरतीसाठी धावतात. त्यांच्यातल्याच एकावर कथा लिहिली आहे. तो सैन्यात जातो, पहिल्याच चकमकीत त्याचा मित्र मरतो आणि युद्धाबद्दलचा त्याचा भ्रम तुटतो. वाचनालयातल्या मंडळींना वाचून दाखवली, तर म्हणाले, "पटत नाही." चूक कुठे झाली? (एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर : चूक बहुतेक चकमकीत नसून तिच्या आधीच्या पानांत आहे. पोराचं जे हरवणार आहे, ते आधी वाचकाच्या हातात ठेवावं लागतं. "त्याला देशसेवेची आवड होती" एवढ्या एका वाक्यावर आपण त्याला सीमेवर पाठवतो आणि त्याचा भ्रम तुटला म्हणून वाचकानं हळहळावं अशी अपेक्षा धरतो. वाचकानं तो भ्रम पाहिलेलाच नसतो.

कथा तीन हजार शब्दांची असेल तर पहिले हजार शब्द गावालाच द्या. १६०० मीटरची धाव, मोबाईलवर वेळ लावून मैलाच्या दगडाशी उभा राहिलेला मित्र, धुऱ्याजवळ खणलेला नऊ फुटांचा खड्डा, दोन खांबांत अडकवलेल्या पाइपावर मारलेल्या दहा बीम, तळहाताला आलेले फोड, रात्री भिजत घातलेले चणे. या पोराची श्रद्धा खरी आहे आणि तुम्हालाही ती प्यारी असायला हवी. लेखकानं पहिल्या पानापासूनच "याला काय ठाऊक पुढं काय आहे" असा सूर लावला की कथा तिथंच बसते.

दुसरं म्हणजे, भ्रम एका स्फोटात तुटत नाही. तो झिजतो, आणि ती झीज वस्तूंवर दिसते. एरिक मारिया रेमार्क या जर्मन लेखकाची 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' ही पहिल्या महायुद्धावरची कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपात आली. तिच्यातले बूट नीट पाहा. केमेरिख नावाचा पोरगा इस्पितळात मरणाला टेकलाय, त्याचा पाय कापलाय. म्युलर हा त्याचा वर्गमित्र भेटायला येतो आणि त्याची नजर पलंगाखालच्या मऊ, उंच बुटांवर जाते. म्युलर दुष्ट नाही. केमेरिखला बुटांचा उपयोग असता, तर ते कसे मिळवावेत याचा विचार करण्यापेक्षा म्युलर काटेरी तारांवरून अनवाणी धावला असता, असं निवेदकच सांगतो. पण आता ते बूट केमेरिखच्या कामाचे नाहीत आणि म्युलरच्या आहेत. पुढे म्युलर मरतो, बूट निवेदक पॉलकडे येतात, आणि आपल्यानंतर ते कोणाला द्यायचे हे पॉल आधीच कबूल करून ठेवतो. "युद्धानं माणुसकी संपवली" असं लेखकाला कुठंही लिहावं लागत नाही.

तुमच्या कथेतही अशी एक वस्तू निवडा, एकच. गावातून निघताना ती हातात असावी, मध्ये एकदा दुसऱ्याकडे जावी आणि शेवटी परत दिसावी. मनगटी घड्याळ, पिट्ठूत, म्हणजे शिपायाच्या पाठपिशवीत, ठेवलेला टॉवेल, चार्जर, काहीही चालेल. मात्र आईनं बांधलेला ताईत टाळा, तो फार कथांत वापरून झालाय.

कथा २०२२ नंतरची असेल तर नायक अग्निवीर असणार. योजना जाहीर झाली तेव्हाच्या नियमांत चार वर्षांची सेवा आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम नोकरी असं होतं. त्या अनिश्चिततेवर स्वतंत्र कथा होते आणि ती लिहायला हवी. पण नोकरी सुटण्याचं दुःख आणि माणूस मारल्याचं दुःख एकाच कथेत घातलं, तर एक दुसऱ्याला खातं.

प्रश्न : सैनिक सुट्टीवर घरी येतो, तो प्रसंग रडका होतो. दिवाळीच्या फटाक्याला तो दचकतो असं दाखवलंय. आणखी काय दाखवावं? (एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा)

उत्तर : फटाका काढून टाका. दर तिसऱ्या कथेत तो वाजतो. सुट्टीचा प्रसंग हाच या प्रकारच्या लेखनाचा गाभा आहे, तिथं सावकाश चला. रेमार्कचा पॉल सतरा दिवसांच्या सुट्टीवर घरी येतो. आपल्या खोलीतली पुस्तकं काढून बसतो, आणि जी पुस्तकं त्यानं जीव लावून जमवली होती ती त्याच्याशी बोलतच नाहीत. गावकरी त्याला लढाई कशी जिंकावी ते शिकवतात. मेलेल्या केमेरिखच्या आईला तो सांगतो की पोरगं तत्काळ गेलं, त्याला यातना झाल्या नाहीत. ती शपथ घ्यायला लावते, आणि तो शपथ घेऊन खोटं बोलतो.

आपल्याकडे हे सगळं उतरवायला जागल आहे. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) पीक खातात, म्हणून रात्री वावरात राखण बसते. सुट्टीवर आलेला पोरगा बापाला म्हणतो, "तुमी झोपा, मी जातो जागलीले." राखणीच्या माळ्यावर बसल्यावर त्याला आपोआप दर दोन तासांनी जाग येते, कारण पहाऱ्याची पाळी दोन तासांची. बॅटरी तो लावत नाही. बिडी पेटवणाऱ्या चुलत्याला ती तळहाताच्या आड धरायला सांगतो. तुरीत खसखस झाली की चुलता हाकारा घालतो आणि हा मात्र आवाज न करता खाली उतरून आडवा झालेला असतो. चुलता विचारतो, "काय झालं बे?" तो म्हणतो, "कुछ नहीं." हे दोन शब्द हिंदीत पडू द्या. गावात असताना वऱ्हाडी बोलणारा पोरगा पलटणीत हिंदी बोलायला शिकतो, आणि घाबरला की ती भाषा तोंडात येते. निवेदकानं त्यावर काही बोलू नये.

ताटावरही हेच करता येईल. लंगरच्या, म्हणजे पलटणीतल्या जेवणाच्या, सवयीनं तो चार मिनिटांत जेवून उठतो. माय दुसरी भाकर तव्यावर टाकून वळते तर ताट धुतलेलं.

प्रश्न : युद्ध पाहिलेलं नाही. मग लिहिण्याचा अधिकार आहे का? (एक वाचक, वरुड तालुका, जि. अमरावती)

उत्तर : आहे. अमेरिकी यादवी युद्ध १८६५ साली संपलं, स्टीफन क्रेनचा जन्म १८७१चा, आणि त्या युद्धावरची त्याची 'द रेड बॅज ऑफ करेज' आली १८९५ साली. तिचा नायक हेन्री शौर्याची स्वप्नं बघत जातो आणि लढाईतून पळतो. पुढे त्याच्या डोक्याला जखम होते, तीही आपल्याच बाजूच्या एका पळणाऱ्या शिपायानं घातलेल्या बंदुकीच्या दस्त्यानं. परतल्यावर सोबती तिला गोळीची जखम समजतात आणि तो समजू देतो.

हा पोरगा आपल्याला नवा नाही. महाभारताच्या विराटपर्वातला राजपुत्र उत्तर अंतःपुरात बढाया मारतो, कौरवांचं सैन्य दिसताच रथातून उडी टाकून पळतो. बृहन्नडेच्या वेषातला अर्जुन त्याला धरून आणतो आणि सारथी करतो. कीर्तनात त्याच्यावर हशा पिकतो, पण कथा लिहिणाऱ्यानं पुढचं वाचावं : हाच उत्तर कुरुक्षेत्रावर पहिल्याच दिवशी शल्याच्या हातून मरतो.

न पाहिलेलं लिहिताना बिघाड होतो तो विशेषणांमुळे. 'भयानक', 'रक्तरंजित', 'थरारक' या शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ ओढा आणि ते सगळे काढा. जिथं पोकळी दिसेल तिथं नायकाचे हात काय करत होते ते लिहा.

प्रश्न : पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या मराठी शिपायाची पत्रं कथेत घालायची आहेत. ती कशी घालावीत आणि शेवट कसा करावा? (एक वाचक, उमरेड तालुका, जि. नागपूर)

उत्तर : आधी जागा बदला. हिंदी, म्हणजे भारतीय, पायदळ १९१४च्या शरदात फ्रान्सला उतरलं आणि १९१५च्या अखेरीस तिथून निघालं. मराठा पलटणी तुम्हाला सापडतील मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी कुत अल् अमाराच्या वेढ्यात होत्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, वेढा १४७ दिवस चालला. अन्न संपत आलं तेव्हा घोड्याचं मांस पुढं आलं आणि पुष्कळ हिंदी शिपायांनी ते कितीतरी दिवस नाकारलं. धर्म, भूक आणि हुकूम एका ताटात येतात, तिथं तुमची कथा आहे. या पलटणींची भरती मुख्यतः कोकण आणि देशावरची, त्यामुळे नायक विदर्भातलाच हवा असेल तर तो तिथं कसा पोचला हे दोन ओळींत सांगावं लागेल.

फ्रान्सच ठेवायचं असेल तर पत्र मोकळं लिहू नका. पुष्कळ शिपायांना लिहिता येत नसे, दुसरा कुणी लिहून देई, म्हणजे मनातलं आधी एका सोबत्यासमोर उघडं करायचं. मग ते सेन्सॉरपुढे जाई. म्हणून शिपाई आडून लिहीत : काळी मिरी म्हणजे हिंदी फौज, लाल मिरची म्हणजे गोरी. काळी संपत आली, आता लाल वापरतात, असं घरी कळवलं की घरचे समजत.

शेवट कसा करावा, असंही तुम्ही विचारलंय. रेमार्कची कादंबरी जवळपास पूर्ण पॉलच्या तोंडून येते, आणि शेवटच्या काही ओळींत निवेदक बदलतो : १९१८च्या ऑक्टोबरात तो पडला, त्या दिवशी आघाडीवर इतकी शांतता होती की लष्करी अहवालात एका वाक्यापलीकडे काही आलं नाही. त्याच्या कितीतरी आधी, १९१५ साली, चंद्रधर शर्मा गुलेरींनी 'उसने कहा था' या हिंदी कथेत हेच केलं होतं. अमृतसरच्या बाजारात एका मुलीला "तेरी कुड़माई हो गई?" (तुझा साखरपुडा झाला का?) असं चिडवणारा लहनासिंग खंदकात तिच्या नवऱ्याला आणि मुलाला वाचवून मरतो. त्याच्या मरणावर लेखक एक शब्द बोलत नाही. काही दिवसांनी वर्तमानपत्रात यादी छापून येते : फ्रान्स आणि बेल्जियम, मैदानात जखमांनी मृत्यू, शीख रायफल्स, जमादार लहनासिंग.