जर्मनीतून गाडी घेऊन स्वित्झर्लंडला: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

म्युनिकहून फक्त वीकेंडला झुरिकला जातोय, दोन दिवसांचं विन्येट (हायवे वापरायचा टोल-पास) नाही का मिळत?

नाही. स्वित्झर्लंडमध्ये एकच, वर्षाचं, 40 फ्रँकचं. ऑगस्ट 2023 पासून ई-विन्येट आहे, नंबरप्लेटला जोडलेलं, ते सरकारी पोर्टलवरूनच घ्या कारण मधल्या साइट्स जादा पैसे लावतात. वाटेत ऑस्ट्रियाचा तुकडा लागतो, पण लिंडाऊनंतर होहेनेम्सपर्यंत तिथलं विन्येट लागत नाही.

थोडा स्पीड जास्त झाला तर चालतं का? दंडाचं पत्र आलं तर?

अजिबात चालत नाही हो. हायवेला ताशी 120 किमी, गावाबाहेर 80, गावात 50. गावात 5 पर्यंत जास्त तर 40 फ्रँक, 6 ते 10 जास्त तर 120, 11 ते 15 जास्त तर 250, आणि त्याच्या वर गेलात की प्रकरण साध्या पावतीवर मिटत नाही. पत्र फेकून देऊ नका, मे 2024 पासून जर्मनीशी करार आहे, 80 फ्रँकपासूनचा दंड तुमच्याकडून जर्मनीतच वसूल होऊ शकतो. आणि रडार, म्हणजे स्पीड कॅमेरे, दाखवणारं अ‍ॅप बंद ठेवा, तिथे ते बेकायदेशीर आहे.

आल्प्समधल्या फुर्का पासला (घाटाला) जायचंय, बायको घाबरतेय. काय लक्षात ठेवू?

वहिनींची भीती योग्य आहे, रस्ता अरुंद आहे आणि हा पास साधारण जून ते ऑक्टोबरच उघडा असतो, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी स्टेटस बघाच. घाटात दोन कार समोरासमोर आल्या आणि जागा नसली तर उतरणाऱ्याने मागे घ्यायचं, चढणाऱ्याच्या जवळच गाडी बाजूला घ्यायची जागा असेल तर गोष्ट वेगळी. निळ्या पाटीवर पिवळा भोंगा (बिगुलासारखा) दिसला तर तो पोस्टबसचा, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बसचा, रस्ता, तिचा ड्रायव्हर हात करून सांगेल तसं करायचं, वाद घालायचा नाही, त्याला ते वळण रोजचं असतं. उतरताना खालच्या गिअरला ठेवा, सारखा ब्रेक दाबून ठेवला की ब्रेक तापतात आणि मग खरंच पंचाईत होते. दिवसाही लाइट चालू हवेत, तो कायदाच आहे.

पुण्याहून बाबा आलेत, त्यांनी चालवली तर?

पाहुणे म्हणून आलेत तर भारतीय लायसन्स चालेल, पण आरटीओचं इंटरनॅशनल परमिट सोबत हवं, ते भारतातूनच काढून आणायचं. (तुम्ही स्वतः मात्र जर्मनीत राहायला येऊन 6 महिने झाले की भारतीय लायसन्सवर नाही.) बाबांना गाडी देण्याआधी इन्शुरन्सवाल्यांना विचारा, पॉलिसीत दुसरा ड्रायव्हर धरलाय का. आणि उजव्या बाजूच्या ट्रॅफिकची सवय नसेल तर घाटात त्यांच्या हातात स्टिअरिंग नको, कृपा करून.