पुडीचं डॉक्टरांना सांगायचं का?

पत्र लांबलचक होतं म्हणून थोडक्यात सांगते. कराडजवळच्या एका गावातून एका ताईंनी लिहिलंय. वय ५४, दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. एक्स-रेत गॅप कमी झालेली दिसली आणि हाडांच्या डॉक्टरांनी उजव्या गुडघ्यात स्टिरॉईडचं इंजेक्शन घ्यायला सांगितलंय. शुगरच्या गोळ्या सात वर्षं चालू आहेत, मुलीचं लग्न पाच आठवड्यांवर आलंय. नवरा म्हणतो घेऊन टाक एकदाचं, जाऊ म्हणते सुई घेतली की गुडघा कायमचा गेला समज. आणि अगदी शेवटी, सहीच्याही खाली: "मावशी, आठ महिने झाले मी बाजारात बसणाऱ्या एका माणसाकडून तपकिरी पावडरीच्या पुड्या घेतेय, भिशीच्या पैशातून, घरात कुणाला माहीत नाही. त्याने खूप बरं वाटतं. इंजेक्शनच्या आधी काय तयारी करू, आणि डॉक्टरांना पुडीचं सांगायलाच हवं का?"

अगं, ५४ वर्षांची तू मला मावशी म्हणतेस म्हणजे माझं वय काही लपत नाहीये, असू दे.

पुडीपासूनच सुरू करते, कारण बाकीची तयारी कुणीही सांगेल. तू पत्रात मध्येच सहज लिहून गेलीस की जाऊबाई म्हणतात तब्येत सुधारली, गाल वर आलेत. मग म्हणतेस हल्ली भूक फार लागते. आणि मग शुगरची गोळी सहा महिन्यांत दोनदा वाढवावी लागली म्हणतेस. या तीन गोष्टी तू तीन वेगळ्या पानांवर लिहिल्यास पण मी वाचताना त्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि माझ्या पोटात गोळाच आला बघ. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टिरॉईडची गोळी कुटून घालतात हा प्रकार आपल्याकडे जुना आहे, कधी सोबत पेनकिलरही असते. आणि स्टिरॉईड महिनोन् महिने पोटात गेलं की गाल फुगतात, भूक वाढते, शुगर चढते, म्हणजे तुझ्या त्याच तीन गोष्टी. तुझ्या पुडीत आहेच असं मी इथे बसून सांगू शकत नाही, पण दोन दिवसांत जादू झाल्यासारखं दुखणं थांबवणारी आणि वर नावगाव काहीच नसलेली पावडर म्हटली की डॉक्टरांच्या मनात पहिला संशय तोच येतो. म्हणजे बघ, जाऊबाई ज्या स्टिरॉईडला घाबरवतायत ते तू कदाचित आठ महिने रोज दुधातून घेतेयस.

आता हे वाचून पुडी लगेच बंद करशील, तर तसं करू नकोस! आपल्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, शरीराला लागणारं स्टिरॉईड त्या रोज बनवतात. बाहेरून महिनोन् महिने आयतं मिळत राहिलं की त्या काम सोडून देतात, आणि मग वरचा पुरवठा एकदम तोडला तर बीपी घसरतं, उलट्या होतात, माणूस गळून पडतो, लग्नघरात हे नकोय आपल्याला. त्यामुळे याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, उरलेल्या पुड्या कागदासकट पर्समध्ये टाकून ने, रोज किती आणि कधीपासून ते सांग. ते सकाळची एखादी रक्ताची तपासणी करतील, पुडी कशी सोडवायची ते ठरवतील, किडनीचाही रिपोर्ट बघतील, कारण शुगर आणि लपलेली पेनकिलर ही जोडी किडनीला चांगली नाही. नवरा केबिनमध्ये सोबत बसणार असेल तर सरळ चिठ्ठीवर लिही आणि केसपेपरबरोबर सरकव, डॉक्टर समजतात. नवऱ्याला कधी सांगायचं ते तुझं तू ठरव, भिशी तुझी होती, पण डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ती सुई घ्यायची नाही.

आता जाऊबाईंचं. त्या अर्ध्या बरोबर आहेत, आणि अर्धं बरोबर बोलणारी माणसंच जास्त घाबरवतात. सांध्यात स्टिरॉईड टोचायची पद्धत १९५१ पासूनची आहे, नवीन काही नाही. पण २०१७ साली एक अभ्यास आला होता, त्यात दर तीन महिन्यांनी असं दोन वर्षं इंजेक्शन दिलं तर नुसतं मिठाचं पाणी टोचलेल्या लोकांपेक्षा यांची कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांवरची मऊ गादी, जास्त झिजली, आणि दुखणं काही जास्त कमी झालं नव्हतं. म्हणून अडीनडीला एखादं घेणं वेगळं आणि दुधासारखा रतीब लावणं वेगळं. एका सांध्यात दोन इंजेक्शनांमध्ये निदान तीन महिने तरी जाऊ देतात. आणि पुढेमागे गुडघा बदलायचं ऑपरेशन ठरणार असेल तर त्याच्या आधीच्या तीन महिन्यांत हे घेत नाहीत, इन्फेक्शनचा धोका वाढतो, तेव्हा तोही विषय काढून ठेव. (कुणी 'वंगणाचं इंजेक्शन' म्हणून गळ्यात मारायला आलं तर ते वेगळं, जेलचं असतं, महाग असतं आणि त्याच्या फायद्याबद्दल हाडांच्या डॉक्टरांमध्येच एकमत नाही. मी तुझ्या जागी असते तर लग्नाच्या खर्चात ते पैसे घातले नसते.)

तारीख मात्र नीट बघून घे. पुडीचा निकाल लागला आणि डॉक्टर हो म्हणाले तर लग्नाच्या साधारण दोन-तीन आठवडे आधीची घे, हळदीच्या आदल्या दिवशीची अजिबात नको. कारण सुईत बधिर करायचं औषधही असतं, त्यामुळे पहिले काही तास गुडघा एकदम हलका वाटतो, तुला वाटेल झालं काम, आणि रात्री परत दुखायला लागलं की वाटेल पैसे फुकट गेले. तसं नसतं. एक-दोन दिवस उलट जास्तही ठणकू शकतं. खरा फरक काही दिवसांनी जाणवायला लागतो आणि बहुतेकांना काही आठवडे, नशीब चांगलं तर दोन-तीन महिने मिळतात.

शुगरचं मी स्वतःच्या अनुभवाने सांगते. माझा खांदा आखडला होता तेव्हा मी असंच इंजेक्शन घेतलं, शुगर वाढते हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही शहाणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी २८०! मला वाटलं मशीन बिघडलं, सेल बदलले, दुसऱ्या बोटातून रक्त काढलं, परत तेच. चार-पाच दिवस तशीच वर राहिली मग उतरली. म्हणून मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ताची तपासणी (HbA1c) आधी करून घे, फार वाढलेली असेल तर डॉक्टर थोडं थांबतीलही. इंजेक्शननंतरचा आठवडाभर घरी रोज बघ, किती वर गेली की फोन करायचा तो आकडा विचारून ठेव. आणि त्या आठवड्यात केळवणं घेऊ नकोस गं! पुरणपोळी, श्रीखंड, वर आग्रह, वर स्टिरॉईड... केळवणाला काय, मुलगी जाईल, तिचंच आहे ते.

बाकी त्या दिवसाची तयारी अगदी साधी. उपाशी जायचं नाही, जेवून आणि रोजच्या गोळ्या घेऊन जा, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तरच वेगळं. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर सांग, आपल्या मनाने बंद करू नकोस. ताप असेल, लघवीला जळजळ असेल, दाढ सुजली असेल किंवा गुडघ्यावर फोड-जखम असेल तर तारीख पुढे ढकल. दोन दिवस आधीपासून गुडघ्याला बाम, तेल, गरम करून बांधलेली रुईची पानं काही नको, कातडी भाजते नाहीतर खरचटते आणि सुई तिथूनच आत जायची असते. रेझर फिरवू नकोस. घट्ट चुडीदार घालू नकोस, साडी नाहीतर ढगळ सलवार. येताना स्कूटी तू चालवायची नाही. आत फार तर पाच-दहा मिनिटं लागतात, औषधाने पुसतात, पाणी साठलं असेल तर आधी ते पिवळसर पाणी सिरिंजने काढतात, मग औषध सोडतात. निघताना कुठलं औषध, किती डोस, कुठला गुडघा हे फाईलवर लिहून घे, पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर असले तर तेच उपयोगी पडतं.

घरी आल्यावर फडक्यात गुंडाळून बर्फ, दोन दिवस लग्नाच्या खरेदीला सुट्टी. तोंड लाल-गरम वाटलं तर घाबरू नकोस, एक-दोन दिवसांत जातं. पण गुडघा लाल होऊन तापला, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतच गेलं, थंडी-ताप आला, पाय टेकवेना, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे, रविवार असला तरी. क्वचित होतं पण सांध्यात पू झाला तर एका रात्रीची वाट बघणंही महागात पडतं.

आणि दुखणं थांबलं की तू वरच्या माळ्यावरची पातेली काढायला चढणार हे मला पत्रावरूनच कळतंय. त्याऐवजी फिजिओकडे जा, खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा अंक मोजायचे एवढ्यापासून सुरुवात असते. मांडीचा स्नायू भरला तरच इंजेक्शनचा असर ओसरल्यावर गुडघ्याला कुणी वाली राहील.

बरं, लग्नात उभं राहायचं टेन्शन घेतलंयस ना, ते तर सगळ्यात सोपं आहे. कन्यादानाला पाटावर बसायला लागू नये म्हणून गुरुजींना आजच फोन करून सांग की आम्हा दोघांना खुर्च्या हव्यात, हल्ली सगळे गुरुजी चालवून घेतात. नवऱ्यालाही खुर्ची मागून घे, म्हणजे तू एकटीच उंच दिसणार नाहीस.