स्वतः बनवलेला गेम खऱ्या गेम बॉयवर: कार्ट्रिज निवडताना काय पाहावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जीबी स्टुडिओत (गेम बॉयसाठी गेम बनवण्याच्या प्रोग्राममध्ये) तुम्ही स्वतः बनवलेला गेम संगणकावरच्या इम्युलेटरमध्ये, म्हणजे गेम बॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, सुरळीत चालतो, पण मायक्रोएसडी कार्ड घालायच्या स्वस्त फ्लॅश कार्ट्रिजमधून जुन्या राखाडी गेम बॉयवर खेळला की सेव्ह केलेली प्रगती मधूनच नाहीशी होते. शिवाय भाच्यांना भेट देण्यासाठी याच गेमची तीन कार्ट्रिजे करायची आहेत, तर कोणत्या कंपनीची घ्यावीत, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते कंपनीचे नाव सर्वांत शेवटी पाहावे. बोर्ड कोणत्या व्होल्टेजवर चालतो, त्यावर कोणता बँक नियंत्रक (गेमचे भाग आळीपाळीने प्रोसेसरसमोर आणणारी चिप) आहे आणि सेव्ह नेमके कुठे राहते, या तीन गोष्टी आधी विचाराव्यात.

आधी सेव्हचे पाहू. मेमरी कार्डाच्या बऱ्याच कार्ट्रिजांमध्ये गेम चालू असताना सेव्ह थेट कार्डावर लिहिले जात नाही. ते बोर्डावरच्या एसरॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच माहिती धरणाऱ्या मेमरीत, राहते, आणि पुढच्या वेळी तुम्ही सेट (गेम बॉय) सुरू करून मेनूत, म्हणजे कार्डावरच्या गेमच्या यादीत, आलात की तेथून कार्डावर फाइल म्हणून उतरवले जाते. मधल्या काळात त्या एसरॅमला जिवंत ठेवतो तो एक बटण सेल. तो सेल उतरला असेल, तर रात्री खेळून सेट बंद केल्यावर सकाळी उतरवायला काहीच शिल्लक नसते. तेव्हा कार्ट्रिज उघडून मल्टिमीटरने सेल तपासा. तो ३ व्होल्टच्या बराच खाली असेल, तर पट्ट्या जोडलेला नवा सेल आणून डाख द्या. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत तो मिळायला हरकत नाही. सेलच्या अंगाला थेट डाख देऊ नका, उष्णतेने तो फुगतो.

भेट देण्यासाठी मात्र मेनूचे कार्ट्रिज नको, एकाच गेमचे पुन्हा लिहिता येणारे बोर्ड घ्या. मुलांनी कार्ट्रिज खुपसावे, बटण सरकवावे आणि गेम सुरू व्हावा. शिवाय मेनूच्या कार्ट्रिजला वीज जास्त लागते, आणि जुन्या गेम बॉयचे चार पेन्सिल सेल लवकर उतरतात.

व्होल्टेजचा मुद्दा मी थोडा विस्ताराने सांगतो, कारण सर्वाधिक नुकसान येथेच होते. गेम बॉयची कार्ट्रिज बस (सेट आणि कार्ट्रिज यांना जोडणाऱ्या तारा) ५ व्होल्टची आहे. आज सहज मिळणाऱ्या बहुतेक फ्लॅश चिपा ३.३ व्होल्टच्या असतात. चांगल्या बोर्डावर या दोहोंच्या मध्ये व्होल्टेज बदलणाऱ्या चिपा बसवलेल्या असतात. पैसे वाचवण्यासाठी काही विक्रेते त्या गाळतात आणि ३.३ व्होल्टची चिप सरळ बसला जोडतात. तसे बोर्ड पहिल्या दिवशी व्यवस्थित चालते, म्हणूनच फसगत होते. प्रत्यक्षात सेटकडून येणारे ५ व्होल्ट त्या चिपेच्या संरक्षक डायोडांतून नको तिकडे वाहू लागतात, चिप आणि सेटचा प्रोसेसर या दोघांवरही कायमचा ताण राहतो. मी एका विक्रेत्याकडून असे बोर्ड घेतले होते. अर्ध्या तासाच्या खेळात सेटवरचा बॅटरीचा लाल दिवा मंदावत असे आणि चित्रात मधूनच चुकीचे ठोकळे उमटत. उघडून चिपेवरची अक्षरे वाचली तेव्हा कारण कळले. तुम्हीही विकत घेण्याआधी बोर्डाचे जवळून काढलेले छायाचित्र मागा. चिपेच्या क्रमांकात ‘२९एफ’ असेल तर ती ५ व्होल्टची. ‘२९एलव्ही’ किंवा ‘२९जीएल’ असेल तर ३ व्होल्टच्या घरातली, आणि मग शेजारी व्होल्टेज बदलणाऱ्या चिपा दिसायलाच हव्यात. ५ व्होल्टच्या चिपा आता बहुतेक जुन्या बोर्डांवरून काढलेल्या मिळतात, तरी तीन नगांपुरता तो मार्ग मला पसंत आहे.

बँक नियंत्रक एमबीसी५ या प्रकारचा असावा. गेम बॉयच्या प्रोसेसरला कार्ट्रिजमधला फक्त ३२ केबी भाग एका वेळी दिसतो; पहिली १६ केबी बँक सहसा जागेवर राहते आणि दुसऱ्या अर्ध्या भागात नियंत्रक हवी ती बँक आणून ठेवतो. जीबी स्टुडिओ मुळात एमबीसी५ धरूनच रॉम (गेमची फाइल) तयार करते. एखाद्या जुन्या एमबीसी१ बोर्डावर ती टाकली, तर पहिली बँक समोर असल्यामुळे गेम सुरू झाल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्या दृश्यात शिरताना कोसळतो. दोष आपल्या स्क्रिप्टमध्ये शोधत लोक आठवडे घालवतात.

सेव्हसाठी सेलऐवजी एफरॅम असलेले बोर्ड मिळाले तर थोडे जास्त पैसे अवश्य द्या. एफरॅम विजेशिवाय माहिती धरून ठेवते, त्यामुळे भाच्यांना काही वर्षांनी सेल बदलण्यासाठी कोणाकडे जावे लागणार नाही.

लिहिण्यासाठी यूएसबीचे कार्ट्रिज रायटर लागेल. या बोर्डांवरच्या नॉर प्रकारच्या फ्लॅश चिपेत लिहिताना १ चा ० करता येतो, ० चा १ करता येत नाही. म्हणून आधी संपूर्ण विभाग पुसून सगळे बिट १ करावे लागतात. लेखनाचा इशारा काही बोर्डांवर नेहमीच्या लेखन-तारेवरून येतो, तर काहींवर कार्ट्रिजच्या कडेच्या ३२ धातूच्या संपर्कांपैकी ३१व्या, म्हणजे ध्वनीसाठी राखलेल्या संपर्कावरून. रायटरच्या प्रोग्राममध्ये ही निवड चुकली तर ‘चिप सापडत नाही’ असे उत्तर येते; बोर्ड खराब आहे असे लगेच समजू नका.

पहिल्यांदा सेट सुरू करताना पडद्याकडे नीट पाहा. सेटमधला २५६ बाइटांचा सुरुवातीचा प्रोग्राम कार्ट्रिजमधून ४८ बाइटांचा लोगो वाचून दाखवतो, मग स्वतःजवळच्या प्रतीशी ताडतो आणि जुळला तरच पुढे जातो. लोगोच्या जागी भरीव काळा पट्टा उतरून तेथेच थांबला, तर सेटला कार्ट्रिजमधून काहीच मिळालेले नाही: चिप कोरी आहे किंवा संपर्क लागलेला नाही. लोगो फाटलेला दिसला, तर बहुधा संपर्क मळले आहेत. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने ते पुसा.

लोगो ठीक आला की गेममध्ये सेव्ह करा, सेट बंद करा, कार्ट्रिज काढून रात्रभर बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून पाहा. तिन्ही कार्ट्रिजांवर हे वेगवेगळे करा, आणि मगच त्यांवर लेबल चिकटवा.