बीम ट्रॅकिंगमधली चूक 5जी-6जीच्या वेगाला किती मारक ठरते?

नेरूळला प्रोजेक्ट करताना 26 गिगाहर्ट्झच्या सिम्युलेशनमध्ये बीमच्या (अँटेनांनी युजरकडे रोखलेल्या सिग्नलच्या झोताच्या) दिशेत 2 अंशांची चूक टाकली तरी ग्राफ हलत नाही, असं का, हा तुमचा प्रश्न.

तुम्ही बहुधा दर स्लॉटला (प्रसारणाच्या छोट्या वेळखंडाला) नवी रँडम चूक टाकताय. 16 अँटेनांचा बीम साधारण 6.4 अंश रुंद असतो, त्यात 2 अंशांनी सिग्नलचे जेमतेम 1.2 डीबी (डेसिबल) जातात. खरी चूक मात्र एका मोजणीपासून पुढच्या मोजणीपर्यंत वाढत जाते, करवतीच्या दातासारखी.

पाम बीच रोडवर अँटेनांच्या खांबापासून 20 मीटरवरच्या लेनमधून ताशी 60 किमीने गाडी जातेय असं धरा. खांबासमोर कोन सेकंदाला सुमारे 48 अंशांनी बदलतो. 16 अँटेनांच्या बीमच्या मध्यातून गाडी 67 मिलिसेकंदांत अर्ध्या पॉवरच्या कडेला येते. 64 अँटेना घेतल्या तर बीम 1.6 अंशांचा, आणि हेच 17 मिलिसेकंदांत होतं. एसएसबी (बीम शोधायला टॉवर ठरावीक वेळाने पाठवतो तो सिग्नल) साधारणपणे दर 20 मिलिसेकंदांनी येतो! म्हणून मधे सीएसआय-आरएसची (चॅनेल मोजायच्या वेगळ्या संदर्भ-सिग्नलची) मोजणी लागतेच. तीच गाडी 200 मीटर पुढे गेली की कोन सेकंदाला अर्धा अंशही बदलत नाही. म्हणजे खांबाजवळ, सिग्नल जिथे सर्वांत दणकट, तिथेच ट्रॅकिंग सर्वांत अवघड. तिथे 16 अँटेनांचाच रुंद बीम वापरा: 64 अँटेनांच्या तुलनेत 6 डीबी सोडावे लागतात, पण 200 ऐवजी 20 मीटरवर असल्याने 20 डीबी जास्तीचे मिळालेले असतात.

एकाच वेळी दोन युजर असतील तर चित्र फार बिघडतं. 16 अँटेनांवर 1 अंशाच्या चुकीने स्वतःचा सिग्नल 0.3 डीबीच घटतो, पण शेजारच्या युजरसाठी राखलेला नल (बीमची जवळपास शून्य सिग्नलची दिशा) सरकतो आणि शिखरापेक्षा फक्त 16 ते 18 डीबी खाली गळती होते. पॉवर वाढवून उपयोग नाही, गळतीही तितकीच वाढते. त्यामुळे ग्राफ एसएनआरचा (सिग्नल विरुद्ध नॉइज) नको, एसआयएनआरचा (सिग्नल विरुद्ध नॉइज अधिक इतरांची गळती) काढा.

आणखी एक केस जरूर घाला. मधे एनएमएमटीची बस आडवी आली की सिग्नल एकदम कोसळतो. ट्रॅकरला वाटतं दिशा बदलली, तो भलतीकडे वळतो, तिथली मोजणी आणखी खराब येते आणि बस गेल्यावरही बीम सापडत नाही. अशी अचानक घसरण दिसली तर कोन अपडेट करू नका. शेवटचा कोनीय वेग धरून पुढे सरकवत राहा, आणि सिग्नल परतला नाही तरच सगळे बीम पुन्हा तपासा. सरासरी डेटा-वेगाबरोबर लिंक सलग किती मिलिसेकंद तुटलेली राहिली तेही मोजा.